डेस्कच्या पायाखाली

मुहूर्ताच्या दिवशी उकडलेलं डुकराचं डोकं टेबलावर मांडलं होतं. कसायाकडून डोकं घेताना हसऱ्या तोंडाचं मागून घ्यावं, म्हणजे सिनेमा चालतो, असं आमच्या कोरियातले सिनेमावाले मानतात. हे डोकं तर इतकं हसरं निघालं होतं की प्रोड्युसर मिरान मॅडमनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. स्टुडिओतली माणसं एकेक करून पुढे येत होती, जमिनीला कपाळ टेकवत होती आणि डुकराच्या तोंडात नोट खोचत होती. बे यूनजे रांगेत मागे उभा होता. पुढची दोन वर्षं हा अॅनिमेशनपट कागदावर जिवंत करण्याचं काम मुख्यतः त्याच्याकडे होतं. शाळेत एका मुलाच्या होणाऱ्या छळाची गोष्ट होती, मोठ्यांसाठीची. दिग्दर्शक कोण ते त्याला नुसतं आडनावाने माहीत होतं, आणि ओ आडनावाची माणसं काय, पैशाला पासरी सापडतात.

तेवढ्यात जिन्यात कोणीतरी हसलं. आधी नाकातून एक फुसकारा, मग घशातून तुटक तुटक ठसके.  आत येणाऱ्या माणसाचा चेहरा बघायची यूनजेला गरजच उरली नव्हती.

ओ ग्यूते. इंचनच्या बंदराजवळच्या मुलांच्या शाळेत आठवीत तो यूनजेच्या मागच्या रांगेत बसायचा. यूनजेच्या डब्यात थुंकणारा तोच, त्याला चार पायांवर चालायला लावून पाठीवर बसणारा तोच, आणि वर्गाने कोणत्या दिवशी याच्याशी बोलायचं नाही ते ठरवणाराही तोच. आता त्याला थोडं पोट सुटलं होतं, अंगावर महागातला लोकरी कोट होता आणि चेहऱ्यावर भला मोठा आपलेपणा.

त्याने सगळ्यांचे हात दोन्ही हातांत घेतले. यूनजेने डावा पुढे केला, तोही घेतला. डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "तुमची कामं पाहिलीत मी. तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही."

ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसं? त्या वेळी यूनजे गोलमटोल होता, डोळ्यांवर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि अख्खा वर्ग त्याला ढब्बू म्हणायचा. आता वाऱ्याने उडेल असा झालाय, डोळ्यांचं ऑपरेशन करून चष्मा गेलाय. शिवाय बाविसाव्या वर्षी त्याने कोर्टात अर्ज करून नावच बदलून घेतलं होतं. मूळ नाव पिल्दो. कारण विचारलं तेव्हा 'नाव जुनाट वाटतं' असं लिहून दिलं. आपल्याकडे नाव बदलणारे इतके आहेत की कारकुनाने मान वरसुद्धा केली नाही. आता पिल्दो म्हणणारी एक आई तेवढी उरली होती, तीही फोनवर.

दुपारी सगळे खालच्या नूडल्सच्या हॉटेलात जेवायला बसले. आपल्याकडे दोन माणसं एका टेबलाशी बसली की थोरला कोण, धाकटा कोण हे ठरल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. ग्यूतेने वाफाळतं सूप ढवळत विचारलं, "कोणत्या सालचे तुम्ही?"

खरं साल सांगितलं असतं तर दोघे एका वयाचे निघाले असते. मग शाळा कोणती, गाव कोणतं, हे आलंच. यूनजेने एक वर्ष पुढचं सांगितलं.

"म्हणजे धाकटा निघालास," ग्यूते म्हणाला. "मग अरे-तुरे केलं तर चालेल ना?"

"चालेल, सर."

असा तो आपल्या हाताने पुन्हा एकदा त्याच्या पायाशी जाऊन बसला. त्याच दिवशी काम सोडून का गेला नाही, असं कोणी विचारेल. मधेच काम सोडणाऱ्याला या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं करत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, हा माणूस शाळेतल्या छळाबद्दल काय सांगणार आहे ते त्याला बघायचं होतं. मनात कुठेतरी अशी वेडी आशाही होती की ग्यूते बहुधा माफी मागायला निघालाय. बारा बारा वर्षं ज्या माणसाची स्वप्नं पडून आपण घामाने उठलो, त्याच्याकडूनही माणसाला काहीतरी चांगलं हवं असतं. यूनजेची मला इथे दया येते आणि रागही येतो.

ग्यूतेने आखलेले स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची कच्ची चित्रं, तुकड्यातुकड्याने येऊ लागले. पहिल्या तुकड्यात वर्गाचं छत होतं, त्यावर ओल येऊन पडलेला डाग. यूनजेने तो डाग ओळखला. दुसऱ्या तुकड्यात झाडू-बादल्यांची खोली. तिचं दार आतून उघडत नसे, हेसुद्धा बरोबर होतं. आपल्याच आयुष्याचा रस्ता कोणीतरी पुढे पुढे आखत चाललाय आणि पुढच्या वळणावर काय आहे ते आपल्याला आधीच माहीत आहे, असं त्याला वाटायचं. दर सोमवारी नवीन तुकडा टेबलावर पडला की तो आधी चहा करून यायचा, मगच उलगडायचा.

खरी गोम तिसऱ्या तुकड्यात कळली. सिनेमातला नायक, म्हणजे छळ सोसणारा चित्रं काढणारा मुलगा, याचं आडनाव ग्यूतेचंच, ओ होतं. झाडूच्या खोलीत कोंडलेला तो मुलगा दारावर डोकं टेकून म्हणतो, 'आईला सांगू नका.'

हे वाक्य यूनजेचं होतं. त्याने ते जगात कोणालाच सांगितलं नव्हतं. दाराच्या पलीकडे उभ्या असलेल्यांनी ऐकलं असेल तेवढंच.

"सर, हा मुलगा म्हणजे तुम्हीच का?" टीममधली सगळ्यात तरुण अॅनिमेटर सोन दाउल हिने बैठकीत विचारलं. तिला मनात काही ठेवता येत नाही.

ग्यूतेने खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते त्याचे, आणि ते खोटं वाटत नव्हतं. "मीच गं," तो म्हणाला. "इतकी वर्षं लागली बोलायला." मग उजवा हात पुढे करून बोटं हलवून दाखवली. "हा हात त्यांनी डेस्कच्या पायाखाली घातला आणि वर बसले. चित्र काढणारा हात. नशीब, नीट जुळला."

 मिरान मॅडमनी नाक पुसलं. यूनजेने आपला उजवा हात हळूच स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आतल्या बाजूला वळलेली आहेत. ती जुळली नाहीत. आठवीनंतर तो डाव्या हाताने लिहायला शिकला, डाव्या हाताने चित्रं काढायला शिकला, आणि कोणी विचारलं तर जन्मापासून डावखुरा आहे म्हणून सांगायचा.

त्या महिन्यात ग्यूतेची मुलाखत टीव्हीवर झाली. पोस्टरवर काय छापायचं तेही ठरलं: दिग्दर्शकाने स्वतः सोसलेली कहाणी. आता यूनजेपुढे दोनच वाटा होत्या. तोंड उघडलं तर सगळ्या स्टुडिओची मेहनत पाण्यात जाणार, आणि वर, हा कोण उपटसुंभ, दोन वर्षं पगार खाऊन आता बोलतोय, असं लोक म्हणणार. तोंड मिटून बसलं तर आपला मोडलेला हात जन्मभर ग्यूतेचा होणार. लोक त्याच्यासाठी रडणार, आणि ती रडवणारी चित्रं आपणच डाव्या हाताने काढलेली असणार.

त्याने एकदा मिरान मॅडमना आडून आडून विचारून पाहिलं. दोघे गच्चीवर सिगारेट ओढत होते.

"मॅडम, हे सगळं त्यांच्याच बाबतीत घडलंय ना? म्हणजे, खात्री केलीय ना कोणी?"

मिरान मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. बाई हुशार आहे, पण हुशार माणसांना काय ऐकायचं नाही तेही चांगलं कळतं. "यूनजे, तो माणूस माझ्यासमोर रडलाय. मी काय त्याच्याकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू? पोस्टर छापायला गेलंय. असलं काही पुन्हा बोलू नकोस रे बाबा."

त्यानंतर तो बोलला नाही. पण जिना चढताना तो ग्यूतेच्या पुढे राहीना. खुर्ची भिंतीला लावून बसू लागला. ग्यूते येता-जाता त्याच्या मानेवर हात ठेवायचा, आपुलकीने दाबायचा. "केवढी आखडलीये रे मान तुझी. सैल सोड जरा." आणि मग ते हसणं, आधी नाकातून फुसकारा. यूनजेच्या चित्रातली रेघ थरथरायची, आणि दाउल म्हणायची, "दादा, या फ्रेममध्ये मुलाच्या पाठीची भीती काय उतरलीये. कसं काढता तुम्ही हे?"

डेस्कचा प्रसंग शेवटी राहिला. सिनेमाचा सगळा भार त्यावर होता. आमच्या कामात अवघड हालचाल काढायची तर आधी ती आपण करून बघायची असते. कोणीतरी पडतं, कोणीतरी मारल्यासारखं करतं, कॅमेऱ्यात टिपून घेतात आणि मग ते बघून रेघा ओढतात. एरवी यात हसून हसून पुरेवाट होते. दाउलने बंद पडलेल्या एका शाळेतून लोखंडी पायांचं डेस्क मिळवलं होतं. दुपारी टेबलं बाजूला सारून मधली जागा मोकळी केली. मिरान मॅडम सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आल्या.

"खाली मीच झोपतो," ग्यूते कोट काढत म्हणाला. "माझंच दुखणं आहे, दुसऱ्या कोणाला कशाला झोपवायचं. वर यूनजे बसेल. शॉट त्यालाच काढायचाय."

"मी नको, सर."

"का रे? वजन किती तुझं? चिमणी बसली तरी जास्त भार पडेल. बस."

सगळे हसले. नाही म्हणायला कारण सुचेना. यूनजे डेस्कच्या कडेवर टेकला. पाय त्याने जमिनीवर घट्ट रोवून ठेवले होते, म्हणजे अंगाचा भार त्यांच्यावर राहील. ग्यूते फरशीवर आडवा झाला आणि त्याने आपला उजवा हात लोखंडी पायाखाली सरकवला. तळव्याखाली स्पंज होता. आता फक्त यूनजेने पाय उचलायचा अवकाश होता. हे त्याच्या लक्षात आलं. स्वतःचीच भीती वाटली त्याला, आणि आजवर त्याला सगळ्यांची भीती वाटली होती, पण स्वतःची कधी नाही.

"थांबा हं," कॅमेऱ्यामागून दाउल म्हणाली. "सर, हात पालथा होता की उताणा? स्टोरीबोर्डमध्ये कळत नाहीये."

"पालथा," ग्यूते म्हणाला.

"उताणा," यूनजे म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो बोलून गेला होता, आणि आता मागे घेण्यात अर्थ नव्हता. "उताणा होता," तो पुन्हा म्हणाला. "डेस्क अंगावर येतंय म्हटल्यावर तो पाय ढकलायला त्याने हात वर धरला, आणि तसाच खाली दाबला गेला. म्हणून बोटं आत वळतात. पालथ्या हाताची वळणार नाहीत."

ग्यूतेला ते हसणं आलं. फरशीवरून, आडवं पडून. "हात माझा की तुझा रे? पालथाच होता. मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. वर बसून खाली वाकून बघितलं की पहिल्यांदा नखंच दिसायची. हळूहळू काळी पडत जायची ती."

दाउलने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. "वर बसून?"

 ग्यूतेच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहून गेलं होतं, नुसतं आतून सगळं निघून गेलं होतं. "म्हणजे, वरून बघितल्यासारखं वाटायचं," तो म्हणाला. "वेदनेने तसं होतं माणसाला."

यूनजे काही वेगळ्याच विचारात पडला होता. माझा हात उताणा होता. माझी नखं फरशीकडे होती, ती वरून कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मग याने बघितली ती नखं कोणाची?

त्याने टाचा उचलल्या. पाय नाही, नुसत्या टाचा. लोखंड थोडं खाली बसलं आणि ग्यूतेने श्वास ओढला.

"यूनजे, काय करतोयस?" मिरान मॅडम म्हणाल्या.

यूनजेने आपला उजवा हात बाहीतून बाहेर काढून ग्यूतेच्या तोंडासमोर धरला. दोन्ही वाकडी बोटं. ग्यूते त्यांच्याकडे बघत राहिला, मग वर यूनजेच्या चेहऱ्याकडे, आणि त्या चेहऱ्यात काहीतरी शोधू लागला.

"ढब्बू?" तो अगदी हळू म्हणाला.

"ढब्बूला नाव होतं," यूनजे म्हणाला. "नाव सांग, मी उतरतो."

दोन वर्षांत पहिल्यांदाच तो ग्यूतेला अरे-तुरे करत होता. ते सगळ्यांच्या लक्षात आलं आणि म्हणूनच बहुतेक कोणी पुढे आलं नाही. थोरल्याशी असं बोलणारा माणूस एकतर वेडा झालेला असतो, नाहीतर त्याला बोलायचा हक्क असतो. दाउलचा हात कॅमेऱ्याच्या बटणापर्यंत गेला होता, पण तिने कॅमेरा बंद केला नाही.

यूनजे थांबला होता.  इतकी वर्षं तो या एका माणसापासून लपला होता. याच्या तोंडून ते नाव पुन्हा ऐकू येऊ नये म्हणून त्याने आईबापांनी ठेवलेलं नाव टाकून दिलं होतं. आणि आता त्याला तेच, याच्याच तोंडून, ऐकायचं होतं. एकदाच. मग तो उतरणार होता, खरंच उतरणार होता.

"संगचोल," ग्यूते म्हणाला.

यूनजेला कळेना. त्या नावाचा कोणी त्यांच्या वर्गात नव्हता. "नाही."

"मग ग्वांगबे. ग्वांगबे ना तू? बेकरीवाल्याचा?" ग्यूतेच्या कपाळावर घाम आला होता. तो खोटं बोलत नव्हता. मनापासून आठवत होता, परीक्षेत उत्तर आठवावं तसा. "नाही? थांब, थांब. इन्सोप. नववीतला. तूच तो. आईला सांगू नका म्हणायचास, आठवतं मला. बघ, मला सगळं आठवतं."

ते वाक्य यूनजेने आजवर जिवापाड जपलं होतं. फार दुखणारं होतं, पण आपलं एकट्याचं होतं. म्हणजे ती पोरंही दाराला डोकं टेकून तेच म्हणाली होती. त्यांचेही हात कोणत्यातरी डेस्कखाली गेले होते, त्यातल्या कोणाचीतरी नखं काळी पडली होती. आणि त्यातलं कोणी आज चित्रं काढत असेल की नसेल, जगात असेल की नसेल, देव जाणे.

त्याच्या टाचा अजून वरच होत्या. असंच बसून राहिलो तर सगळा भार खाली जाईल हे त्याला कळलं, म्हणून तो घाईघाईने उतरला आणि दोन्ही हातांनी डेस्क उचलून बाजूला ठेवलं. ग्यूतेच्या हाताला काहीसुद्धा झालं नव्हतं, नुसता लाल गोल उमटला होता.

"सर, उठा आता," मिरान मॅडम म्हणाल्या.  "झालं. उतरलाय तो."

पण ग्यूतेने हात जवळ घेतला नाही. "ते-इल," तो म्हणाला. "ते-इल का? नाहीतर तो, शिंप्याचा." तो फरशीवर तसाच पडून, डोळे घट्ट मिटून, एकामागून एक नावं घेत राहिला, आणि त्यात पिल्दो कुठेच नव्हता.